क्लॅरिनेटच्या चाव्या: दोनापासून सतरापर्यंत

संपादक मंडळाने मला बजावलं होतं की शाळेच्या आठवणी नकोत, त्या ढिगाने आल्या आहेत. तुझ्या त्या वाद्याविषयी काहीतरी लिही. वाद्य म्हणजे क्लॅरिनेट. आपल्या बॅचमधल्या बहुतेकांनी ते वरातीच्या बँडमध्ये पाहिलं असेल: काळी नळी आणि तिच्यावर चांदीसारख्या चकचकीत चाव्यांचं जंजाळ. सनईला एकही चावी नाही, बासरीलाही नाही. मग यालाच एवढ्या कशाला, हा प्रश्न मला आजवर शेकडो लोकांनी विचारला आहे. उत्तर तीनशे वर्षं लांब आहे, आणि त्यात कारागिरांइतकेच मास्तर आहेत. म्हणून ते या स्मरणिकेत शोभेल असं वाटलं.

आधी थोडं विज्ञान. घाबरू नका, पाटी-पेन्सिल लागणार नाही. बासरीवर खालचा सा वाजवा, बोटं तशीच ठेवून जोरात फुंका. वरचा सा मिळतो. सनईचंही तसंच, कारण तिची नळी खाली रुंदावत जाते. म्हणजे एका सप्तकाची बोटं शिकलात की वरचं सप्तक जवळजवळ फुकट. सात स्वर आणि सहा भोकं, हिशेब मिटला. क्लॅरिनेटचं तसं नाही. त्याची नळी सरळ, एकाच जाडीची, आणि रीडचं टोक ध्वनीच्या दृष्टीने बंद. एका बाजूने बंद असलेली नळी कशी वागते ते सरांनी प्रयोगशाळेत पाण्याच्या नळीवर काटा धरून दाखवलं होतं. अशा नळीतून पहिल्यानंतर दुसरा नव्हे, एकदम तिसरा स्वरक उठतो. त्यामुळे सा वाजवून उडी मारली की वरचा सा मिळत नाही. त्याच्याही पलीकडचा, तार सप्तकातला पंचम मिळतो.

इथेच सगळी भानगड आहे. सा पासून तार पंचमापर्यंत जायचं तर मधले अकरा शुद्ध स्वर वेगवेगळ्या बोटांनी काढावे लागतात, आणि कोमल-तीव्र धरले तर एकोणीस. माणसाला बोटं दहा. त्यातला उजवा अंगठा वाद्याचा भार पेलतो, म्हणजे उरली नऊ. क्लॅरिनेटच्या चाव्यांचा सगळा इतिहास म्हणजे नऊ बोटांना एकोणीस कामं कशी वाटून द्यायची याची खटपट.

सुरुवात जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात झाली. योहान क्रिस्टोफ डेनर (१६५५–१७०७) हा तिथला नावाजलेला वाद्य बनवणारा. त्या काळी शालुमो नावाचं साधं एकरीडी वाद्य होतं. आवाज गोड, पण ते खालच्या टप्प्याच्या फारसं वर जात नसे. १७०० च्या आसपास डेनरने त्यातून नवं वाद्य घडवलं. बॉक्सवुडचं पिवळं लाकूड, आठ भोकं, आणि वरच्या भागात समोरासमोर पितळेच्या दोन चाव्या. आता हिशेब पाहा. त्याच्या वाद्याचा सगळ्यात खालचा स्वर आपण सा धरू. आठ भोकं एकेक करून उघडली की तार रे पर्यंत पोहोचता येतं. एक चावी उघडली की तार ग, दोन्ही उघडल्या की तार म. त्यापुढचा पंचम उडीने मिळतो, कारण मागची चावी एक बारीक भोक उघडते आणि त्या भोकामुळे आवाज वरच्या टप्प्यात जातो. म्हणजे शुद्ध स्वरांची माळ दोनच चाव्यांत अखंड झाली. मला हा वाद्यांच्या इतिहासातला एक फार सुंदर हिशेब वाटतो.

माळेतला फक्त एक मणी गळत होता: तार म आणि तार प यांच्या मधला तीव्र मध्यम. तो धड खालच्या टप्प्यात बसत नव्हता, धड वरच्या. त्यावर पुढच्या कारागिरांनी काढलेली युक्ती ऐकण्यासारखी आहे. फट मधे होती, पण त्यांनी हात घातला वाद्याच्या शेपटाला. नळी थोडी लांबवली, तिसरी चावी बसवली आणि सा च्या खालचा शुद्ध नि मिळवला. त्या नि वरून बारा स्वरांची उडी मारली की येतो नेमका तीव्र मध्यम! आज क्लॅरिनेट जिथे संपतं तिथला तो सगळ्यात खालचा स्वर मुळात स्वतःसाठी आलेलाच नाही. वरचं भोक बुजवायला आला आणि राहिला.

मागच्या चावीचं दुखणं मात्र तेव्हापासूनचं. तिच्या एकाच भोकाला दोन नोकऱ्या. उडी मारून द्यायची तर भोक लहान आणि वर हवं. तार म स्वच्छ वाजवायचा तर मोठं आणि खाली हवं. कारागिरांनी मधला मार्ग धरला. म्हणून क्लॅरिनेटचा तो एक स्वर घोगरा. त्याच्याकडे शेवटी येतो.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पाच चाव्यांचं क्लॅरिनेट युरोपभर रुळलं. पण पाच चाव्यांनी एकोणीस कामं कशी व्हायची? उरलेले स्वर 'काट्याच्या' बोटांनी काढत: मधलं भोक उघडं ठेवायचं आणि खालचं झाकायचं. स्वर येतो, पण दबलेला, जणू तोंडावर रुमाल धरून बोलल्यासारखा. त्यामुळे दोन-चार सोप्या पट्ट्यांत वाद्य उत्तम, बाकीच्यांत बेसूर. यावर वादकांनी सरळ तोडगा काढला. पट्टी बदलली की वाद्यच बदलायचं. एक क्लॅरिनेट सी मधलं, एक बी फ्लॅटमधलं, एक ए मधलं. आपला हार्मोनियमवाला पट्टी सरकवतो, हे लोक पेटीतून दुसरी नळी काढत.

हे वाचून 'मग आणखी चाव्या का नाही लावल्या?' असं वाटेल. कारण साधं होतं. प्रत्येक नवी चावी म्हणजे नळीला आणखी एक भोक, आणि ते चपट्या चामड्याच्या तुकड्याने झाकायचं. ते चामडं सुकलं, आक्रसलं, स्प्रिंग सैल झाली, की हवा गळते. आणि वरच्या एका भोकातून हवा गळली तर खालचे सगळे स्वर बिघडतात. पाच चाव्यांवर अडून बसणारे वादक जुनाट होते असं मी म्हणणार नाही. गळक्या वाद्यावर कार्यक्रम केलेला माणूसही तसं म्हणणार नाही.

मोझार्टने १७९१ साली क्लॅरिनेटचा आपला प्रसिद्ध कंचेर्तो अंतोन श्टाडलर या वादकासाठी लिहिला. श्टाडलरकडे खाली चार अर्धस्वर जास्त उतरणारं, जादा चाव्यांचं खास वाद्य होतं. मोझार्टची हस्तलिखित प्रत हरवली. १८०१ मध्ये ती रचना छापून आली तेव्हा खालच्या स्वरांच्या जागा वर उचलून नेहमीच्या क्लॅरिनेटला जमतील अशा केल्या होत्या. दीडशेहून अधिक वर्षं जगाने ती तशीच ऐकली. चाव्या नाहीत म्हणून संगीत बदललं, याचं याहून ठसठशीत उदाहरण मला ठाऊक नाही.

आता पॅरिस. तिथलं सरकारी संगीत विद्यालय, काँझर्व्हात्वार, १७९५ मध्ये सुरू झालं. क्लॅरिनेटचा मास्तर होता झाव्हिए लफेव्र. त्याने १८०२ मध्ये विद्यालयासाठी शिक्षणाचं पुस्तक लिहिलं, ते सहा चाव्यांच्या वाद्यासाठी. अशा वेळी इवान म्युलर नावाचा पंचविशीतला वादक पॅरिसात आला. जन्म रेवालचा, म्हणजे आजचं एस्टोनियातलं ताल्लिन. त्याने तेरा चाव्यांचं क्लॅरिनेट तयार केलं होतं. चाव्यांची संख्या वाढवली हे त्याचं अर्धंच काम. खरी अक्कल पॅडमध्ये होती. चपटं चामडं टाकून त्याने आत लोकर भरलेल्या, उशीसारख्या गोल गाद्या केल्या आणि प्रत्येक भोकाच्या कडेला लाकडातच उठावदार ओठ कोरला. गादी त्या ओठावर टेकली की हवा गळणं बंद. चाव्या वाढवण्यातली मूळ अडचणच संपली. या एकाच वाद्यावर आपण सगळ्या पट्ट्या वाजवू शकतो, असा त्याचा दावा होता.

१८१२ मध्ये ते वाद्य काँझर्व्हात्वारच्या समितीपुढे गेलं. समितीने नाकारलं! कारण असं दिलं की सी, बी फ्लॅट आणि ए या तिन्ही क्लॅरिनेटांचा आवाजाचा स्वभाव वेगवेगळा आहे. सगळीकडे एकच वाद्य आलं तर रचनाकारांच्या हातचे रंग कमी होतील. म्युलरचा कारखाना त्यानंतर चालला नाही.

इतिहासाच्या पुस्तकांत या समितीची सहसा टिंगल होते. मला ती करवत नाही. समितीचं अर्धं म्हणणं आजही उभं आहे: कोणत्याही सिंफनी ऑर्केस्ट्रातला क्लॅरिनेटवाला आज सतरा चाव्या असूनही पेटीत दोन वाद्यं घेऊन येतो, एक बी फ्लॅट आणि एक ए. आणि म्युलरचंही अर्धं म्हणणं खरं ठरलं, कारण त्याचं तेरा चाव्यांचं वाद्य हळूहळू युरोपभर पसरलं. त्याच काँझर्व्हात्वारमध्ये १८३१ साली फ्रेडरिक बेर मास्तर झाला आणि म्युलरच्या पद्धतीचा पुरस्कार करू लागला. रीड वरच्या ओठाला न लावता खालच्या ओठावर ठेवायची, हा आजचा रिवाजही तिथे त्याच्याच वेळी पक्का झाला. समितीने जे दार लावलं ते मास्तर बदलल्यावर उघडलं.

बेर १८३८ मध्ये वारला आणि त्याच्या जागी आला यासिंत क्लोझे. हा लष्करी बँडमधून आलेला. त्याच सुमारास म्युनिकचा बासरीवादक थिओबाल्ड बोएम याच्या नव्या बासरीचा बोलबाला होता. बोएम हा सोनाराच्या कामात मुरलेला गडी. त्याने विचारच उलटा केला. आजवर भोकं बोटांना पोहोचतील तिथे पाडत होते. बोएम म्हणाला, भोक ध्वनिशास्त्र सांगेल तिथे पाडू आणि बोट तिथवर पोहोचवायचं काम यंत्राला देऊ. त्यासाठी त्याने १८३२ च्या बासरीत भोकांभोवती कड्या बसवल्या. बोट आपलं भोक झाकतं आणि झाकता झाकता कडीही दाबतं. कडी एका दांड्याने लांबची दुसरी गादी बंद करते. एका बोटाला दोन कामं, तेही न हलता.

क्लोझेने ही कल्पना क्लॅरिनेटवर आणली. यंत्र घडवलं लुई-ओग्युस्त ब्युफे या कारागिराने. १८३९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ते वाद्य मांडलं, १८४४ मध्ये पेटंट मिळालं. सतरा चाव्या, सहा कड्या, चोवीस भोकं. त्याला 'बोएम पद्धती' म्हणतात, पण खुद्द बोएमने त्यात हात घातलेला नाही. नाव क्लोझे-ब्युफे यांचं हवं होतं. तसं झालं नाही.

या वाद्यातली मला सर्वांत आवडती गोष्ट करंगळ्यांची आहे. तेरा चाव्यांच्या वाद्यात करंगळीला एका चावीवरून दुसरीवर घसरत जावं लागे; घसरगुंडी सोपी व्हावी म्हणून तिथे छोटी फिरती चाकंही बसवत. क्लोझेने खालच्या महत्त्वाच्या तीन स्वरांच्या चाव्या डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही करंगळ्यांना दिल्या. एक स्वर डाव्या करंगळीने, पुढचा उजवीने, जसे आपण पायऱ्या उतरताना पाय आळीपाळीने टाकतो. वादकाने फक्त आधी विचार करून ठेवायचा की कुठल्या करंगळीने सुरुवात करायची. हा विचार करायला शिकवणं म्हणजेच क्लॅरिनेट शिकवणं, असं माझं मत आहे.

आणि क्लोझे शिकवणारा होता. १८४३ मध्ये त्याने या वाद्याचं जाडजूड शिक्षणपुस्तक काढलं, जे आजही शिकवलं जातं. १८६८ पर्यंत तो त्याच विद्यालयात शिकवत राहिला. पुढे त्याचा शिष्य सिरिल रोझ त्याच जागी आला. तीन दशकं एका वर्गातून बाहेर पडलेला प्रत्येक मुलगा हीच बोटं घेऊन बाहेर पडला. म्युलरपाशी वाद्य होतं पण वर्ग नव्हता. क्लोझेपाशी दोन्ही होतं.

तरीही बोएम पद्धती सगळीकडे गेली नाही, आणि का गेली नाही ते माझ्या उजव्या तर्जनीला नीट ठाऊक आहे. माझे पहिले गुरू लग्नाच्या बँडमधले. त्यांचं वाद्य जुन्या, अल्बर्ट पद्धतीचं. डाव्या हाताची तिन्ही भोकं झाकली, मागची चावी दाबली की दोन्ही पद्धतींत जी स्वर येतो. इथवर भांडण नाही. आता उजवी तर्जनी टेकवा. जुन्या पद्धतीत येतो एफ शार्प, बोएम पद्धतीत येतो एफ. बोएमवर एफ शार्प हवा तर तर्जनी नव्हे, मधलं बोट. जुन्या पद्धतीत एफ हवा तर तर्जनी आणि अनामिका, मधलं बोट उचललेलं. अर्ध्या स्वराचा फरक, तोही वाद्याच्या ऐन मध्यावर. पुढे मुंबईत मला बोएम वाद्यावर यावं लागलं. डोक्याला हे सगळं एका दुपारी कळलं. बोटांना कळायला दोन वर्षं लागली. दहा वर्षं एका पद्धतीवर पोट भरलेल्या माणसाला 'ही पद्धत अधिक शास्त्रीय आहे' असं सांगून काय होणार?

जर्मनीत हेच झालं. तिथले वादक म्युलरच्या बोटांवर वाढलेले होते. त्यांनी ती बोटं सोडली नाहीत. त्याच बोटांखालचं यंत्र सुधारत नेलं. कार्ल बेर्मान या वादकाने म्युनिकच्या ओटेनष्टाइनर या कारागिराबरोबर १८६० च्या सुमारास अठरा चाव्यांचं वाद्य केलं आणि त्याचंही शिक्षणपुस्तक लिहिलं. १८९१ मध्ये म्हातारपणी लेखणी ठेवायला निघालेल्या ब्राम्सला ज्याने पुन्हा लिहितं केलं, त्या रिखार्ड म्युलफेल्डच्या हातात हेच वाद्य होतं. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनच्या ओस्कार एलरने त्यावर आणखी जोडण्या केल्या. तीच एलर पद्धती आजही जर्मनी-ऑस्ट्रियाच्या ऑर्केस्ट्रांत चालते. जर्मन वादक म्हणतात, फ्रेंच वाद्याला आमचा आवाज नाही. आवाज वेगळा आहे हे खरं. पण तो मुख्यतः नळीच्या आतल्या मापामुळे, माउथपीसमुळे आणि रीडमुळे. चाव्यांकडे त्याचं श्रेय फार थोडं जातं. चाव्यांवरून दोन देश भांडतात तेव्हा भांडण बहुधा बोटांच्या सवयीचं असतं.

ब्रुसेल्सच्या युजीन अल्बर्टने म्युलरच्या वाद्याला थोड्या कड्या जोडून जे केलं ते 'अल्बर्ट' किंवा 'साधी पद्धती'. ते इंग्लंडमध्ये आणि तिथल्या लष्करी बँडांत खूप चाललं. न्यू ऑर्लिन्सच्या जॅझमधले सिडनी बेशे, जॉनी डॉड्स, जिमी नून यांची बोटं याच पद्धतीची. तुर्कस्तानात तर हीच पद्धत अजून राज्य करते. साध्या यंत्रात बोटाखाली मोकळी भोकं राहतात, बोट हळूच सरकवून स्वर ओढता येतो, आणि तिकडच्या गाण्याला तेच हवं.

आपल्याकडे क्लॅरिनेट आलं तेही इंग्रजांच्या लष्करी बँडांतून. एकोणिसाव्या शतकात तंजावरकडे ते नृत्याच्या साथीत शिरलं, आणि पुढे ए. के. सी. नटराजन यांनी कर्नाटक संगीताच्या मैफलीत त्याला मुख्य वाद्याची जागा मिळवून दिली. आपली मींड आणि गमक यांना चावी ही अडचणच. चावी म्हणजे उघड किंवा बंद, मधलं काही नाही. म्हणून आपले वादक शक्यतो चाव्या टाळून बोटांनी भोकं अर्धवट उघडतात, ओठाने रीड सैल-घट्ट करतात. माझे बँडमधले गुरू वाद्याच्या निम्म्या चाव्यांना हातही लावत नसत. क्लोझेने जी काट्याची बोटं हद्दपार करायला आयुष्य घालवलं, त्याच बोटांतून ते भैरवीचा कोमल रिषभ असा काढत की अंगावर काटा यावा.

आता तो घोगरा स्वर. डेनरच्या मागच्या चावीचं एकच भोक दोन नोकऱ्या करतं, हे सतरा चाव्या झाल्या तरी बदललेलं नाही. विसाव्या शतकात अमेरिकेत विल्यम स्टबिन्स याने त्या स्वरासाठी वेगळं भोक उघडणारी यंत्रणा केली. चाललीही ठीक, पण आणखी एक गादी, आणखी एक स्प्रिंग, बिघडायला आणखी एक जागा. सरसकट कोणी घेतली नाही. वीस चाव्या आणि सात कड्यांचं 'पूर्ण बोएम' वाद्यही निघालं होतं, तेही वजनापायी मागे पडलं. आजही शिष्य त्या स्वरावर येऊन कुरकुरला की मी त्याला सांगतो, उजव्या हाताची दोन बोटं खालच्या भोकांवर नुसती टेकव. स्वर तोच राहतो, फक्त जरा भरतो. कोणती दोन, हे प्रत्येक वाद्यावर निराळं असतं. ते त्यालाच शोधावं लागतं.